दुपारचा पेपर

सत्यवती गेल्यापासून चामराजपेठेतल्या त्या घरात दोनच माणसं उरली होती, नरसिंहराव आणि त्यांचा मुलगा शेषगिरी. नरसिंहराव हायस्कुलात गणित शिकवून नुकतेच निवृत्त झाले होते. वर्गात त्यांचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत खणखणीत पोचायचा. पण घरात बोलायलासुद्धा कुणीतरी लागतं, हे त्यांना बायको गेल्यावर कळलं. शेषगिरी जात्याच अबोल. बापलेक समोरासमोर बसून जेवायचे आणि "अजून सारू वाढू का, अण्णा?" यापलीकडे त्या जेवणात शब्द नसायचा.

त्रेसष्टच्या जूनमध्ये ज्योतिबा राहायला आला आणि घराला जरा जाग आली. तो निपाणीकडच्या एका खेड्यातला. बंगळूरला पी.यू.सी.ला नाव घातलं होतं, तेही शेषगिरीच्याच वर्गात. रस्त्याकडची खोली नरसिंहरावांनी त्याला दिली आणि जेवणही आपल्यातच ठेवलं. पोरगा भरभरून बोलायचा. नरसिंहराव "स्वल्प थांब रे" म्हणाले की त्याला हसू यायचं आणि तो हसतोय हे बघून नरसिंहरावांनाही.

"काका, तुमचं मराठी आमच्याकडं कुणाला कळायचं नाही," तो एकदा म्हणाला.

"आमच्या घरात तीनशे वर्षं हेच बोलतायत," नरसिंहराव म्हणाले. "न कळणारे तुम्हीच."

त्या वर्षी कॉलेजात मुलांच्या तोंडी एकच विषय होता, आयआयटीची प्रवेशपरीक्षा. नवीन परीक्षा. सगळ्या देशाला एकच पेपर. तिथं कुणाची ओळख चालत नाही, वशिला चालत नाही. दोघांनीही बसायचं ठरवलं. ते ऐकल्यावर नरसिंहरावांनी शाळेतून काढून टाकलेला एक जुना फळा आणला, मधल्या खोलीत खिळे ठोकून टांगला आणि दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळचा वर्ग सुरू केला.

गणित ते स्वतः शिकवायचे. ज्योतिबाचं शिक्षण मराठीतून झालेलं, त्यामुळे त्याला इंग्रजीच्या पेपरची धास्ती होती. त्याला ते रोज वर्तमानपत्रातला अग्रलेख मोठ्यानं वाचायला लावत. रसायनशास्त्र मात्र शेषगिरीच्या ताब्यात असायचं. खडू हातात आला की तो अबोल मुलगा वेगळाच व्हायचा. ज्योतिबाला एखादी गोष्ट कळली नाही तर तो ती चार तऱ्हांनी समजावून सांगायचा, आणि मागं पाटावर बसून ऐकणाऱ्या नरसिंहरावांना वाटायचं, हे ऐकायला आज सत्यवती हवी होती.

"अण्णा, मद्रासच्या प्रयोगशाळेत म्हणे प्रत्येकाला आपापलं टेबल असतं," एकदा फळा पुसता पुसता शेषगिरी म्हणाला. "कुणी उठ म्हणत नाही. प्रयोग पुरा होईपर्यंत बसायचं." त्याच्या तोंडून इतकी वाक्यं एका दमात आलेली नरसिंहरावांनी कितीतरी दिवसांत ऐकली नव्हती.

फेब्रुवारीत एका सकाळी नरसिंहराव परसात धुणं वाळत घालताना चक्कर येऊन पडले. दोघं मुलं कॉलेजला निघालेली. शेषगिरी विसरलेली वही घ्यायला परत आला म्हणून बरं. त्यानं वडिलांना धुण्याच्या दगडाशी पडलेलं पाहिलं. डॉक्टर आले, रक्तदाब म्हणाले, मीठ कमी करा म्हणाले. चार दिवसांनी नरसिंहराव पुन्हा फळ्यापाशी उभे राहिले आणि झाला प्रकार विसरूनही गेले. शेषगिरीनं मात्र त्या दिवसापासून धुणं आपल्याकडे घेतलं.

मे महिन्यात परीक्षा आली. शेवटच्या दिवशी सकाळी गणित आणि दुपारी रसायनशास्त्र होतं. दुपारचं जेवण म्हणून नरसिंहराव स्वतः केलेलं चित्रान्न डब्यात भरून केंद्रावर घेऊन गेले. कॉलेजच्या आवारातल्या मोठ्या झाडाखाली तिघं जेवले. गणित दोघांनाही चांगलं गेलं होतं. ज्योतिबा एकेक प्रश्न आठवून सांगत होता. शेषगिरी भात चिवडत बसला होता.

"आता तर तुझा विषय," नरसिंहराव त्याला म्हणाले. "निवांत लिही."

"हं," शेषगिरी म्हणाला.

घंटा झाली, मुलं आत गेली. आवारात पालक म्हणावा असा दुसरा कुणी नव्हता. नरसिंहरावांनी झाडाला पाठ टेकली. त्यांचा जरा डोळा लागला असेल नसेल, तेवढ्यात पायऱ्या उतरताना कुणीतरी दिसलं. पांढरा सदरा, किंचित वाकलेले खांदे. शेषगिरी होता. पेपर सुरू होऊन फार वेळ झाला नव्हता.

त्याला हाक मारायला ते अर्धवट उठले. पण हाक मारली नाही. मुलाची चाल घाबरलेल्याची नव्हती, आजाऱ्याची नव्हती. तो फाटकापाशी थांबला, सदऱ्याच्या बाहीनं तोंड पुसलं आणि घराच्या दिशेनं चालू लागला. झाडाकडे त्यानं पाहिलंच नाही. वडील जेवण देऊन घरी गेले असतील, असंच त्याला वाटलं असावं. नरसिंहराव पुन्हा खाली बसले.

पेपर सुटल्यावर ज्योतिबा बाहेर आला. त्यांना बघून तो बिचकला.

"शेषू?" त्यांनी विचारलं.

"तो... लवकर उठला, काका."

दोघं घरी आले. शेषगिरीनं अंगण झाडलं होतं, घेवड्याच्या शेंगा निवडून ठेवल्या होत्या, कॉफीची तयारी केली होती. त्यानं तिघांचे पेले भरले.

"कसा गेला पेपर?" नरसिंहरावांनी विचारलं.

"अवघड होता."

ज्योतिबा पेल्यात बघत राहिला. नरसिंहराव "सरी, ठीक आहे" म्हणाले आणि त्यांनी कॉफी प्यायली. आयुष्यभर पोरांना त्यांनी हजार प्रश्न विचारले होते, आणि हा एक विचारायचं त्यांच्या जिवावर आलं. उद्या विचारू असं म्हणता म्हणता आठवडे गेले, आणि मग तो विषय दोघांमध्ये एखाद्या जड पेटीसारखा तसाच पडून राहिला. दोघंही वळसा घालून जात.

निकाल आला. ज्योतिबाची मद्रासला निवड झाली. नरसिंहरावांनी गोड केलं, त्याच्या पाठीवर थाप मारली. आणि आपल्या मनात कुठंतरी कडू वाटतंय हे जाणवून त्यांची त्यांनाच शरम वाटली. शेषगिरीनं मित्राची ट्रंक बांधून दिली, स्वतःची रसायनशास्त्राची पुस्तकं तीत घातली आणि बी.एस्सी.ला नाव घालून आला.

ज्योतिबाला गाडीवर बसवायला नरसिंहराव एकटेच गेले. शेषगिरीचा कॉलेजात पहिला दिवस होता. गाडी लागलेली होती. ज्योतिबा खिडकीत बसला होता आणि नेहमीसारखा बोलत नव्हता.

"तू त्याच्या मागच्या बाकावर होतास ना?" नरसिंहरावांनी विचारलं. "काय झालं होतं?"

"त्यानं सांगू नको म्हटलंय, काका."

"मी त्याला उठून जाताना बघितलंय. उरलेलं सांग."

ज्योतिबानं खिडकीच्या गजाला धरलं. "पहिला प्रश्न त्यानं सोडवला. मला दिसत होतं, भराभरा लिहीत होता. मग पेन ठेवलं. जरा वेळ तसाच बसला आणि उठला. रात्री मी खूप शिव्या दिल्या त्याला. तर म्हणाला, मी गेल्यावर अण्णा परसात पडले तर त्यांना उचलायचं कुणी?"

नरसिंहरावांनी फलाटावरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"म्हणाला, मी नापास झालो तर अण्णा एक दिवस रागावतील. पास होऊन राहतो म्हणालो, तर ते मला ढकलून पाठवतील."

गाडी हलली. नरसिंहराव चार पावलं खिडकीबरोबर चालले. "इंग्रजी वाचत राहा," एवढंच त्यांना सुचलं.

घरी येऊन ते फळ्यासमोर पाटावर बसले. राग आला होता, आणि तो कुणावर काढायचा ते कळत नव्हतं. ओरडून सांगितलं असतं, जा, मी राहीन एकटा, तर पोरानं नुसती मान हलवली असती, पण ते गेलं नसतं. ते आईवर गेलं होतं. तिनंही उभ्या जन्मात कधी वाद घातला नाही आणि कधी ऐकलंही नाही. संध्याकाळी शेषगिरी आला, पुस्तकं ठेवून आत गेला आणि तांदूळ धुवू लागला. त्याच्या पाठीकडे बघता बघता नरसिंहरावांनी मनाशी ठरवलं.

त्याच आठवड्यात ते म्हैसूरला थोरल्या बहिणीकडे गेले. कमलाक्काचं घर माणसांनी भरलेलं. मुलगे, सुना, नातवंडं. मधल्या घरात एक बाजलं टाकायला जागा होती, तेवढीच.

"अक्का, मी तुझ्याकडे राहायला येऊ का?" त्यांनी विचारलं. "कायमचा."

कमलाक्कानं चष्म्यावरून पाहिलं. "तुला इथं करमेल? लहानपणापासून तुला गलबला सोसत नाही. माझ्या लग्नातसुद्धा तू माडीवर जाऊन बसला होतास."

"करमायचं काय घेऊन बसलीस. शेषूला मी सांगेन, तूच बोलावलंस."

"आणि त्यानं मला विचारलं तर?"

"तर म्हण, मला हाताशी भाऊ हवा होता."

कमलाक्कानं जास्त विचारलं नाही. तिनं सुनेला एक बाजलं मोकळं करायला सांगितलं.

शेषगिरीला ते सांगितलं तेव्हा तो फळा पुसत होता. त्याचा हात थांबला.

"तुम्हाला म्हैसूर आवडत नाही, अण्णा."

"म्हातारपणी माणसांत असावं रे. तिकडे गप्पांना माणसं आहेत, नातवंडं गणितं घेऊन येतात. इथं मी कुणाशी बोलू? तू तर बोलतच नाहीस."

हे त्याला लागलं. लागावं म्हणूनच ते बोलले होते.

"आणि घर?"

"पुढचा भाग भाड्यानं देऊ. मागच्या खोलीत तू राहा. परीक्षा परत देता येते, मी चौकशी केलीय. या खेपेला सगळे पेपर लिही."

शेषगिरीनं वडिलांकडे पाहिलं. आपल्याला काय कळलंय हे त्याला कळलं, असं नरसिंहरावांना त्या क्षणी स्पष्ट दिसलं.

"औषध वेळेवर घ्याल?" त्यानं विचारलं.

"औषध घेतल्याशिवाय अक्का जेवायला वाढणार नाही."

"सरी," शेषगिरी म्हणाला.

ते वर्ष दोघांनीही एकेकट्यानं काढलं. मागच्या खोलीत हलवलेल्या फळ्यासमोर शेषगिरी एकटाच बसायचा. समजावून सांगायला समोर कुणी नव्हतं. म्हैसूरला नरसिंहराव मधल्या घरातल्या बाजल्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्यांना वाट द्यायचे. नातवंडं गणितं घेऊन यायची नाहीत. त्यांना शिकवणीचे मास्तर होते. घरात सगळे प्रेमानं वागायचे, सुना विचारून विचारून वाढायच्या. पण ती माणसं आपापल्या गोष्टी बोलत, आणि त्या गोष्टींची सुरुवात नरसिंहरावांना ठाऊक नसायची. संध्याकाळी ते टेकडीच्या रस्त्यानं दूरवर चालत जायचे. अधूनमधून शेषगिरी भेटायला यायचा. तो येणार असला की नरसिंहराव सकाळपासून शेजारच्या भीमाचार्यांना गप्पा मारायला बोलावून ठेवायचे, म्हणजे त्याला दिसावं.

"करमतं ना, अण्णा?"

"दिवस कसा जातो कळत नाही बघ."

पुढच्या वर्षी शेषगिरीनं सगळे पेपर लिहिले. मद्रासलाच निवड झाली, ज्योतिबाच्या एक वर्ष मागं. त्याला निरोप द्यायला नरसिंहराव बंगळूरला आले. स्टेशनवर गर्दी होती. शेषगिरीनं वाकून नमस्कार केला आणि उठताना वडिलांचं मनगट धरलं, डॉक्टर धरतात तसं, आणि बराच वेळ सोडलं नाही.

"जा, बस आत," नरसिंहराव म्हणाले. "जागा जाईल."

"जागा आहे, अण्णा."

गाडी गेली. म्हैसूरच्या गाडीला अजून पुष्कळ वेळ होता. नरसिंहराव पायीच निघाले आणि सवयीनं चामराजपेठेत पोचले. घराच्या जगलीवर, पुढच्या ओट्यावर, जिथं सत्यवती संध्याकाळी बसायची, तिथं एक अनोळखी म्हातारी वाती वळत बसली होती. भाडेकरूची आई असावी, गावाहून नवीन आलेली. आतून फोडणीचा वास येत होता. मागच्या खोलीचं दार आता कुलूप लावून बंद असणार, किल्ली त्यांच्याच खिशात होती.

म्हातारीनं मान वर करून कानडीत विचारलं, "यारु बेकित्तु?" कोण हवं होतं, म्हणून.

नरसिंहराव पायरीशी उभे राहिले. आपण कोण ते सांगितलं असतं तर तिनं घाईघाईनं उठून आत नेलं असतं, खुर्ची दिली असती, कॉफी केली असती.

"कुणी नाही, अम्मा," ते कानडीतच म्हणाले. "थोडं पाणी मिळेल का?"

तिनं तांब्याभर पाणी आणून दिलं. उभ्या उभ्या त्यांनी ते सगळं प्यायलं, तांब्या परत दिला आणि ऊन उतरायच्या आत स्टेशनकडे चालू लागले.