सावलीला मिटणारं फूल

समुद्रपूरला समुद्र नाही. तरी त्या रविवारी यशोदाबाईंच्या बैठकीत समुद्र बघायला गाव लोटलं होतं. चपलांचा ढीग रस्त्यापर्यंत आला होता. आत जागा न मिळालेल्या बायका खिडकीचे गज धरून उभ्या होत्या. सगळ्यांचे डोळे भिंतीलगतच्या काचेच्या पेटीकडे होते. पेटी चार फूट लांब, वर निळसर दिवा, आत खारं पाणी, खडक आणि खडकांवर पांढरे पडत चाललेले प्रवाळ.

पेटीशेजारी हिंगणीचे चंद्रभान महाराज मोरपिसांचा कुंचा घेऊन उभे होते.

"ये साक्षात समुद्रदेवता है," ते म्हणाले. "इच्यापुढं पाप लपत नाई. रूपाली, एक पाऊल पुढं ये."

यशोदाबाईंची थोरली सून रूपाली पुढे आली. महाराजांनी मंत्र पुटपुटत कुंचा पेटीवरून फिरवला. खडकातल्या नळीतून वर आलेलं, वाटीएवढं, तपकिरी पिसांचं एक फूल होतं. पापणी मिटावी तसं ते मिटलं आणि नळीत गडप झालं.

"मिटलं, माय," खिडकीतून कोणीतरी म्हणालं.

"आता मागं हो."

रूपाली मागे सरली. महाराज डोळे मिटून स्तब्ध उभे राहिले. काही मिनिटांनी फूल हळूहळू पुन्हा उमललं. असं तीनदा झालं.

"आनखी एक डाव दाखवा नं महाराज," मागून एक जण म्हणाला.

"देवाले सर्कस समजता का?" महाराजांनी कुंचा काखेत धरला. "समुद्र थकला आता. त्यानं सांगायचं ते सांगतलं. हिच्या पायगुणानं नवरा गेला, आता नवऱ्याचा समुद्र मरून राह्यला. अवसेले हिले माहेरी धाडा. नाईतर पुढचा नंबर धनंजयचा."

धनंजय म्हणजे यशोदाबाईंचा धाकटा मुलगा. तो दाराशी उभा होता. त्याने मान खाली घातली. आठ महिन्यांपूर्वी त्याचा मोठा भाऊ अंकुश नागपूर रस्त्यावरच्या अपघातात गेला, तेव्हापासून त्या घरात कोणीच फारसं बोलत नव्हतं.

अंकुश जहाजावर नोकरीला होता. सुट्टीत घरी आला की पेटीपुढे बसायचा. आईला समुद्र दाखवायचा म्हणून त्याने ती मांडली होती. तो गेल्यावर रूपालीने ती सांभाळली. मीठ मोजून कालवणं, तापमान बघणं, काच पुसणं, सगळं. आता त्याच पेटीवरून तिला घराबाहेर काढायचं ठरत होतं. अमावास्येला नऊ दिवस उरले होते.

मी त्यांच्या शेजारी राहते आणि शाळेत विज्ञान शिकवते. दुसऱ्या दिवशी मी रूपालीकडे गेले.

तिने तिची वही पुढे केली. रोजचं तापमान, पाण्याचा खारटपणा, सगळं जागेवर होतं. तरी बावीस दिवसांपूर्वी मऊ प्रवाळ उमलायचे थांबले. मग कडक प्रवाळांचं मांस सुटू लागलं आणि खाली पांढरे सांगाडे दिसले. शंखातल्या गोगलगायी काचेवरून गळून तळाशी पडल्या.

"आणि मासे?" मी विचारलं.

"मासे मस्त खाऊन राह्यले, मॅडम. म्हणून तर समजून नाई राह्यलं. पाणी खराब असतं तर ते नसते का मेले?"

तिला उत्तर सापडलं नव्हतं, पण प्रश्न अगदी बरोबर सापडला होता. मासे जगतात आणि बिनहाडाचे जीव मरतात, असं करणारी एक गोष्ट मला माहीत होती. तांबं. माशांच्या काही औषधांत तांबं असतं, आणि प्रवाळांच्या पेटीत ती औषधं घालत नाहीत ती याचसाठी. मासा सहन करतो तेवढ्याशा तांब्यानेही प्रवाळ जातो.

"पेटीत तांब्याचं काही आहे?"

"काहीच नाई."

आम्ही मोटर उघडून पाहिली, वायरी तपासल्या. कुठेही उघडी तार नव्हती. प्रवाळ चिकटलेले खडक मात्र आम्ही हलवले नाहीत. मग मी तिला दोन बरण्या आणायला सांगितल्या. एकीत पेटीतलं पाणी भरलं, दुसरीत नवीन कालवलेलं खारं पाणी. अजून जीव असलेल्या एका प्रवाळाचे दोन तुकडे करून एकेक बरणीत ठेवले. दोन्ही बरण्यांना सारखा दिवा, सारखी हवेची नळी. दोन्ही रूपालीच्या खोलीत, तिच्या उशाशी.

"माह्या सावलीत?" तिने विचारलं. तिचा आवाज कोरडा होता.

"मुद्दाम तुझ्या सावलीत."

तांबं ओळखणाऱ्या थेंबांची बाटली मी नागपूरहून मागवली. ती यायला पाच दिवस लागले. थेंब टाकल्यावर पेटीतल्या पाण्याला रंग चढला. नव्या पाण्याला चढला नाही.

अमावास्येला बैठक पुन्हा भरली. दाराशी रूपालीची पिशवी ठेवली होती. तिचे वडील बापूजी तिला न्यायला आंजीहून आले होते आणि टोपी हातात घेऊन कोपऱ्यात बसले होते. लेकीकडे बघत नव्हते.

"महाराज," मी म्हणाले, "रूपालीला आज ओसरीवर बसू द्या. ती इथे नसताना तुम्ही कुंचा फिरवा."

"आम्ही परीक्षा देत नसतो, मॅडम."

"मग मी देते."

रूपाली बाहेर गेली. मी माझी वही दिव्याखालून, पेटीवरून फिरवली. फूल मिटलं. बैठकीत कुजबुज झाली.

"हे फूल नाही," मी म्हणाले. "नळीत राहणारा किडा आहे. ती पिसं त्याचा घास धरायचा पंखा. समुद्रात वरून सावली पडली की त्याला वाटतं, खाणारा मासा आला, म्हणून तो आत जातो. सावली कोणाची, हे त्याला कळत नाही. रूपाली पुढे आली की कुंचा फिरायचा. ती मागे गेली की कुंचा थांबायचा. काकू, तुम्ही करून बघा."

यशोदाबाई उठल्या. पंखा उमलायची वाट पाहिली आणि त्यावर पदर धरला. मिटला. थांबून पुन्हा धरला. पुन्हा मिटला. त्या चिकाटीने करत राहिल्या. सहाव्यांदा पंखा जागचा हलला नाही.

"आता काऊन नाई मिटला?"

"सवय झाली त्याला. ही सावली खात नाही, एवढं त्यालाही समजलं. म्हणून महाराजांचा समुद्र तीन वेळांत थकतो."

मी दोन्ही बरण्या टेबलावर ठेवल्या. पेटीच्या पाण्यातला तुकडा पांढरा पडला होता. नव्या पाण्यातल्याने बारीक बोटं बाहेर काढली होती.

"हे दोन्ही आठ दिवस रूपालीच्या उशाशी होते. सावली एकच, पाणी वेगळं. पेटीच्या पाण्यात तांबं आहे. हा किडा चिवट, म्हणून अजून तगला. काकू, महिनाभरात तुम्ही आत काही टाकलं?"

यशोदाबाईंची नजर पेटीतल्या मागच्या खडकाकडे गेली.

"कोनाले सांगतलं तर फळ जाते म्हनले होते," त्या शेवटी म्हणाल्या.

त्यांनी बांगड्या मागे सारल्या, दंडापर्यंत हात पाण्यात घातला आणि मागच्या खडकाआडून तळहाताएवढं यंत्र बाहेर काढलं. तांब्याचा पत्रा, कोरलेल्या अक्षरांत हिरवा थर साचलेला.

"महाराज पह्यल्यांदा आले तवा देल्लं. अंकुशच्या आत्म्याले शांती भेटन म्हणे." त्या यंत्राकडे बघत राहिल्या. "म्हंजे त्याचा समुद्र म्याच मारला."

"तुम्ही मायेनं टाकलं, काकू. पण मारलं या पत्र्यानं. रूपालीनं नाही."

"हमने देव्हाऱ्यात ठेवायले सांगतलं होतं," महाराज घाईने म्हणाले. "पेटीत नाई."

"खोटं नोका बोलू. समुद्रात ठेवजा म्हनले तुमी."

खिडकीतून गल्लीतल्या प्रमिलाबाईंचा आवाज आला. "काहो महाराज, समुद्र तर तुमच्यासंग बोलते नं? त्या डावी नाई सांगतलं का त्यानं, आपल्या पोटात काय दुखते ते?"

लोक हसले. महाराज नास्तिकांच्या तोंडी लागत नसल्याचं सांगून निघाले. प्रवाळ तांब्याने मरतो हे त्यांना माहीत नसावं. माहीत असायची गरजही नव्हती. दुःख झालेल्या घरात काही ना काही बिघडतंच, आणि बोट दाखवायला एखादी विधवा सून असतेच, एवढं त्यांना पुरेसं होतं. मी धनंजयला म्हणाले, जादूटोणाविरोधी कायदा आहे, तक्रार कर. "जाऊ द्या, मॅडम, घरचीच शोभा होते," असं म्हणत तो चपला शोधू लागला. महाराजांची गाडी आणखी कुठल्यातरी घरी गेली असेल.

यशोदाबाईंनी दाराशी ठेवलेली पिशवी उचलून आत नेली. मग व्याही बापूजींसमोर येऊन उभ्या राहिल्या.

"इवाई, जेवून जाजा," त्या म्हणाल्या. "पन एकटेच जाजा."

रूपाली आत आली. सासूकडे तिने पाहिलं नाही. पेटीतलं पाणी उपसायला तिने नळी लावली आणि बादली पुढे ओढली. यशोदाबाई खाली बसल्या आणि त्यांनी बादलीची दुसरी बाजू धरली.

पुढचे पंधरा दिवस त्या रोज थोडं थोडं पाणी बदलत राहिल्या. बहुतेक प्रवाळ वाचले नाहीत. बरणीतला तो एक तुकडा आता पेटीत आहे, बोटभर वाढला आहे.

या गोष्टीत यंत्राइतकंच घातक होतं ते 'कोणाला सांगू नका' हे वाक्य. ते नसतं, तर रूपालीने पहिल्याच आठवड्यात ते यंत्र बाहेर काढलं असतं. म्हणून एवढंच सांगणं आहे. कोणी उपाय देऊन वर गप्प राहायला सांगितलं, तर चार माणसांना आवर्जून सांगा. आणि घरात काही बिघडलं, तर माणूस बाहेर काढण्याआधी पाणी तपासा.