डॉक्टरबाईंच्या चौदा डिस्क

नागवेणीने सहावी हार्ड डिस्क उजेडाकडे धरली आणि तिच्यावरचा क्रमांक मोठ्याने वाचला. समोर प्लास्टिकच्या खुर्चीत बसलेल्या डॉ. सुमंगला पट्टणशेट्टींनी मांडीवरच्या यादीत पेन्सिलने खूण केली.

“जुळला. पुढचा.”

तारिहाळच्या औद्योगिक वसाहतीतल्या या पत्र्याच्या शेडमध्ये कालपर्यंत नुसत्या चाचण्या झाल्या होत्या. आज पहिलं खरं काम होतं. हुबळीतल्या एका दुकानात नागवेणीने सोळा वर्षं कॉम्प्युटर दुरुस्त केले होते. तिथून भंगारात गेलेल्या एका डिस्कमधून कुणा बाईचे घरगुती फोटो बाहेर पडले, गावभर फिरले, आणि ती बाई घर आणि शहर दोन्ही सोडून गेली. ती डिस्क पुसून कोरी केल्याचं नागवेणीनेच लिहून दिलं होतं. त्यानंतर तिला दुकानात बसवेना. आता तिच्याकडे लोकांनी डिस्क आणायच्या, डोळ्यांदेखत त्यांचा चुरा करून घ्यायचा आणि तसा दाखला घेऊन जायचं.

यंत्र तिच्या भागीदाराचं, दावलसाब नदाफचं. त्याचं आयुष्य ब्याडगीच्या मिरच्या कांडायची यंत्रं जोडण्यात गेलं होतं. त्याच हातांनी त्याने हे दोन दातेरी रूळ बसवले होते.

“अक्का, मिरची निदान ठसका तरी देते,” रुळांवर तेल सोडत तो म्हणाला. “हे लोखंड चावून काय मिळणार?”

“लोकांना झोप मिळते. तेल जरा बेताने घाला, अण्णा.”

डॉक्टरबाई हसल्या. दावलसाबला तेवढंच पुरलं.

“एवढं आहे तरी काय यात, डॉक्टरबाई?”

नागवेणीने त्याच्याकडे रोखून पाहिलं. डिस्क उघडायची नाही आणि आत काय आहे हे विचारायचं नाही, अशी पाटी त्यानेच रंगवून भिंतीवर लावली होती.

“मुलं आहेत,” डॉक्टरबाई सहज म्हणाल्या. “पोटातली. तळ्याजवळ माझं प्रसूतिगृह होतं. सोनोग्राफीची चित्रं, ठोक्यांचे आवाज, सगळं यात ठेवत गेले. मार्चमध्ये कुलूप लावलं. हात थरथरायला लागले होते. बायकांनी विश्वासाने दिलेलं कुणाच्या हाती लागायला नको.”

“किती असतील?”

“एकोणीस हजारांच्या वर.”

दावलसाबने तेलाचा डबा खाली ठेवला. टेबलावर दोन ओळींत मांडलेल्या चौदा डिस्ककडे तो पाहत राहिला. सगळ्या मिळून एका टोपलीत मावल्या असत्या.

“आमचं गाव साडेचार हजारांचं,” तो हळू म्हणाला. “म्हणजे चार गावं झाली की.”

नागवेणीनेही मान वर केली. आजवर तिच्या हातांखालून हजारो डिस्क गेल्या होत्या. त्या किती जागेच्या, हे ती नुसत्या स्पर्शाने सांगायची. माणसं तिने कधी मोजली नव्हती.

दावलसाबने हात फडक्याला पुसले, मग पुन्हा पुसले.

“नऊ वर्षांपूर्वीचं कशात असेल?”

डॉक्टरबाईंनी यादी पाहिली आणि दुसऱ्या ओळीतल्या एका डिस्ककडे बोट केलं. त्याने तिला हात लावला नाही.

“दोन्ही मुली तुमच्याकडेच झाल्या माझ्या. त्यांच्या आधी एक होता. सातव्या महिन्यात…”

डॉक्टरबाईंनी चष्मा काढला. त्यांना त्याच्या बायकोचा चेहरा आठवत नव्हता आणि तो आठवल्याचं त्यांनी दाखवलंही नाही.

“आईने मागितलं तर तिला ते ठोके ऐकवता येतात,” त्या म्हणाल्या. “तिचंच आहे ते.”

दावलसाबने नागवेणीकडे पाहिलं. ती पाटीकडे पाहत होती. तिने होकारार्थी मान हलवली. तो फोन घेऊन बाहेर गेला आणि लगेच आत आला.

“येते म्हणाली.”

त्याची बायको बीबीजान रिक्षातून उतरली तेव्हा तिच्या बाहीला शिवणातला निळा दोरा चिकटलेला होता. तिने डॉक्टरबाईंना सलाम केला, नवऱ्याकडे पाहिलं नाही, आणि सरळ टेबलाशी आली.

“यात कुठं असतो?”

नागवेणीने चाचणीसाठी उघडलेली एक रिकामी डिस्क पुढे सरकवली. आतली गोल तबकडी आरशापेक्षा लख्ख होती. बीबीजान वाकली. तिचा चेहरा त्यात स्वच्छ उमटला.

“एक रेघसुद्धा नाही हिच्यावर.”

“दिसत नाही. पण लिहिलेलं असतं ते अशाच तबकडीवर.”

“एका तबकडीवर किती मुलं?”

नागवेणीने मनात आकडेमोड केली. “एका बाजूवर तीनशे तरी.”

बीबीजानने तबकडीवर बोटाचं टोक टेकवलं. “आणि एवढ्यात?”

“सात-आठ.”

कुणावर पाय पडावा तसं तिने चटकन बोट उचललं.

तबकडीवर तिच्या बोटाचा ठसा उमटला होता. त्यातला घामाचा ओलावा हळूहळू विरला.

“ऐकवू का?” नागवेणीने विचारलं. “पाच मिनिटं लागतील.”

“नको. मला तो अजून ऐकू येतो. मळ्यात लांब कुठं इंजिन चालू असावं, तसा.” मग ती पहिल्यांदाच नवऱ्याकडे वळली. “तुम्हाला वाटायचं, मी विसरले.”

इतक्या वर्षांत त्या दोघांत हा विषय निघाला नव्हता.

“मग आलात कशासाठी?” डॉक्टरबाईंनी विचारलं.

“त्या दिवशी मला नेलं नव्हतं, डॉक्टरबाई. थोरले म्हणाले, बाईमाणसाने कबरस्तानात यायचं नसतं. हे एकटेच कापडात घेऊन गेले. आज मी इथं उभी राहते.”

पहिल्या आठ डिस्क गेल्या. दावलसाब एकेक आत सोडत होता आणि पत्रा थरथरत होता. नववी त्याने दोन्ही हातांनी उचलली, बायकोपुढे धरली. तिने ती घेतली, क्षणभर तिचं वजन जोखलं आणि स्वतःच रुळांच्या तोंडाशी ठेवली. डॉक्टरबाई खुर्चीतून उठल्या. नागवेणीने बटण दाबलं.

बारा-तेरा सेकंद लागले असतील. खालच्या घमेल्यात काळ्या चुऱ्यात मिसळून चकचकीत कपच्या पडल्या. बीबीजान वाकून शेवटची कपची पडेपर्यंत पाहत राहिली. मग पदर सारखा करून बाजूला झाली. उरलेल्या पाच संपेपर्यंत डॉक्टरबाईही बसल्या नाहीत.

नागवेणीने दाखला लिहायला घेतला. या शेडमधून बाहेर जाणारा तो पहिलाच दाखला होता. डॉक्टरबाईंनी सही केली.

“साक्षीदार म्हणून मी करू?” बीबीजानने विचारलं.

नागवेणीने कागद तिच्यापुढे सरकवला. बीबीजानने कानडीत अक्षर अक्षर लावत नाव लिहिलं. नावापुढे आणखी एक रकाना होता. साक्षीदाराचा संबंध. दाखल्याचा मसुदा करताना नागवेणीच्या डोळ्यांसमोर व्यवस्थापक, कारकून, वकील असे शब्द होते.

“इथं काय लिहायचं?”

“तुम्ही कोण, ते.”

बीबीजानने पेन पुन्हा टेकवलं आणि एकच शब्द लिहिला.

नागवेणीने तो वाचला. दावलसाबने तिच्या खांद्यावरून वाचला आणि तो यंत्राकडे पाठ करून दारात जाऊन उभा राहिला. शिक्का उठवताना ‘आई’वर शाई येऊ नये म्हणून नागवेणीने तो जरा खाली धरला.