झाकणावरची नावं

प्रयोगशाळेतल्या कपाटाचा खालचा कप्पा गुडघ्याखाली येतो. वरून बघितलं की बाटल्यांची नुसती झाकणं दिसतात, म्हणून गेली बावीस वर्षं मी नावं झाकणांवरच लिहीत आले. चिठ्ठी बाटलीच्या पोटावर लावा, असा नियम आहे. नियम लिहिणाऱ्याची कंबर शाबूत असणार. धाकटी जाऊ इथे कामाला लागली तेव्हा तिलाही ही युक्ती मी मोठ्या तोऱ्यात शिकवली.

सोमवारी तिने दोन बाटल्या शेजारी ठेवून भरल्या, एकीत अ‍ॅसिड, दुसरीत शुद्ध पाणी. दिसायला दोन्ही सारखीच. मधेच कुणीतरी हाक मारली. परत येऊन तिने एकीचं झाकण दुसरीला लावलं. दुपारी प्रॅक्टिकल घेणाऱ्या मॅडमनी पाणी समजून हातावर ओतलं आणि त्यांचा पंजा पोळला.

मंगळवारी सकाळी विभागप्रमुख सरांनी आम्हा दोघींना बोलावलं. जावेची नोकरी अजून कच्ची. दिराचं काम सुटल्यापासून घर तिच्याच पगारावर चालतं. मला निवृत्तीला दीड वर्ष उरलंय.

"झाकणावर नाव लिहायला कुणी सांगितलं?" सरांनी तिला विचारलं.

मी खिडकीकडे बघत राहिले. इतकी थकले होते की तोंड उघडायचं जिवावर आलं, अशी मी स्वतःची समजूत घातली. खरं तर घाबरले होते.

"कुणी नाही सर. माझंच डोकं," जाऊ म्हणाली.

उद्यापासून येऊ नका, सर तिला म्हणाले. जाण्याआधी सगळ्या बाटल्यांना नीट चिठ्ठ्या लावा.

ती कपाटापुढे फरशीवर बसली. "ताई, तुम्ही स्टुलावर बसून चिठ्ठ्या लिहा. बाटल्या मी काढते."

मी लिहायला लागले. जरा वेळाने बघते तर ती स्पिरिटच्या बोळ्याने झाकणं पुसत होती, आणि तीही माझ्या अक्षरातली, निवडून.

"हे कशाला?"

"सर बघायला आले तर? तुमचं दीडच वर्ष राहिलंय."

मला माझीच लाज वाटली. न पुसलेलं एक झाकण तिच्या हातातून ओढून घेतलं आणि सरांच्या टेबलावर नेऊन ठेवलं. त्यावर माझ्या अक्षरात नावाखाली तारीख होती, चार वर्षांपूर्वीची. जाऊ कामाला लागून पाच महिने झालेत.

"मीच शिकवलं तिला," मी म्हणाले.

"हे आत्ता सांगताय?"

"सकाळीच सांगायला हवं होतं."

सरांनी अपघाताच्या अहवालाचा कागद पुढे ओढला. "मग तिच्या जागी तुमचं नाव घालावं लागेल."

"घाला," मी म्हणाले.