धोपाटण्याला लागलेली लाल माती

मित्रांनो, मी एक जुनं धोपाटणं आहे. हसू नका. नदीवर कपडे बडवायचं लाकूड, त्याला कसली आली कहाणी, असं तुम्हांला वाटेल. पण मी विमानात बसून परदेशी जाऊन आलो आहे. देशादेशांच्या संघांची बेसबॉलची स्पर्धा चालू होती, तेव्हा मी त्याच गावात होतो. मैदान मात्र मला कुणी दाखवलं नाही. तो मान बॅटींचा. बॅट हा शब्द ऐकला की आजही माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

माझा जन्म खालापूरचा. धाकलू सुताराने ऐनाच्या ओंडक्यातून मला तासलं आणि अंबूबाईच्या हातात दिलं. तिने मला घरी नेण्याआधी पाताळगंगेत दगडाखाली दाबून ठेवलं. आमच्याकडे नवं धोपाटणं असंच मुरवतात. पोटभर पाणी प्यायलेलं लाकूड उन्हात तडकत नाही, असं बायका म्हणतात. मी आजवर तडकलो नाही, तेव्हा त्यांचं म्हणणं खरं असावं.

अंबूबाईचा हात चांगला होता. कपडा फाटणार नाही आणि मळ राहणार नाही, असा नेमका फटका ती मारायची. दर खंडेनवमीला ती कोयता, नांगराचा फाळ आणि मला पाटावर मांडायची. हळदकुंकू, झेंडूचं फूल, नारळ. फुलांत माझं फूल सगळ्यांत मोठं असे. निदान मला तसं दिसायचं.

पुढे एका पावसाळ्यात भाताची रोपं डोक्यावर घेऊन येताना अंबूबाई बांधावरून घसरली. मनगट मोडलं, आणि बसलं ते वाकडंच बसलं. घरात दुसरी बाई नाही. नवरा श्रीपत खोपोलीच्या कारखान्यात पाळीवर जायचा. मग कपडे धुवायला कोण जाणार? त्यांचा एकुलता मुलगा गजा मला काखेत मारून नदीवर आला. तेव्हा तो हायस्कुलात होता.

नदीवरच्या बायकांना आयती करमणूक मिळाली. शेजारची येसूबाई म्हणाली, "काय रं गजा, उद्या लुगडं पण नेसशील काय?"

"नेसंन की काकी. तुमचंच धुवून देतो, मंग नेसतो," गजा म्हणाला.

सगळ्या बायका हसल्या, आणि पुन्हा कुणी त्याला चिडवलं नाही. गजा दोन्ही हातांनी मला धरायचा, कमरेतून वळायचा आणि 'हुं' करून फटका द्यायचा. पलीकडच्या काठावर आवाज घुमायचा. मित्रांनो, ती माझी खरी सुखाची वर्षं. गजा माझा होता आणि मी गजाचा होतो.

मग ती सटवी आली.

दिल्लीच्या एशियाडनंतरचे दिवस होते. हायस्कुलातल्या खेळाच्या सरांनी बेसबॉल नावाचा खेळ आणला. आलेला चेंडू लाकडी बॅटने टोलवायचा, मग पळत सुटायचं, वाटेतल्या गाद्यांना पाय लावायचा आणि निघालो तिथे परत यायचं. गजाने पहिलाच चेंडू शाळेच्या कौलांवरून पलीकडे घालवला. सर म्हणाले, "हा फटका कुठे शिकलास?" गजा लाजून म्हणाला, "असाच." नदीवर शिकलो म्हणायला त्याची जीभ रेटली नाही. घरी त्याने ही गोष्ट हसत सांगितली, तेव्हा मी दारामागून ऐकली. माझ्या जिवाला जे लागलं ते अजून गेलेलं नाही.

गजा जिल्ह्याकडून खेळला, राज्याकडून खेळला. शाळा संपली, तो गिरणीत भात कांडायला जाऊ लागला, पण खेळ सुटला नाही. आणि एके दिवशी देशाच्या संघात त्याची निवड झाली. सरांनी त्याला परदेशी बनावटीची नवी कोरी बॅट बक्षीस दिली. गुळगुळीत, गोरीपान, मूठ कशी कोवळी! गजा तिला रोज फडक्याने पुसायचा. मला त्याने कधी पुसलं होतं का? मला तर तो धुणं झालं की दारामागे फेकायचा.

त्या वर्षी खंडेनवमीला अंबूबाईने पाटावर बॅट मांडली. पाट लहान होता. फाळ पाटावर राहिला, कोयता राहिला आणि मी मोरीपाशी गेलो. झेंडूचा अख्खा हार त्या बॅटला. मोरीतून मला त्या हाराचं नुसतं टोक दिसत होतं. मी मनात म्हणालो, फुटो मेली एकदाची.

आणि मित्रांनो, ती फुटली.

त्याचं असं झालं. गजा निघायच्या आदल्या दिवशी अंबूबाईच्या मनात आलं की परक्या मुलखातलं ऊन कसं असेल कोण जाणे, पोराची बॅट तडकली तर? तिने मोठ्या मायेने ती नदीवर नेली आणि मला जिथे मुरवलं होतं तिथेच दगडाखाली दाबून ठेवली. गजा घरभर शोधत होता. आईने सांगितल्यावर तो नदीवर धावला. बॅट बाहेर काढून उन्हात ठेवली, तशी ती फुगलेली बॅट मुठीपासून खालपर्यंत चिरत गेली.

"आये, काय केलंस गं ह्ये!"

"धोपाटण्याला करतात तसंच केलं रं बाबा," अंबूबाई म्हणाली. "पाणी पितंय म्हनलं लाकूड. मला काय ठावं ती इतकी नाजूक हाय!"

मला आनंद झाला. खूप झाला. पण गजा पायरीवर बसून राहिला आणि अंबूबाई आपलं वाकडं मनगट पदरात लपवत आत गेली, तेव्हा तो आनंद मला गोड लागेना. थोड्या वेळाने गजाच म्हणाला, "ऱ्हाऊ दे आये. तिकडं संघाच्या लय बॅटी असत्यात." आईला काहीतरी द्यावंसं वाटत होतं, आणि देण्यासारखं घरात काही नव्हतं. तिने मला त्याच्या पिशवीत घातलं. "तिकडं कपडे कोन धुवील तुजे? ह्ये ने." आईचं मन मोडवेना म्हणून तो मला घेऊन गेला.

त्या शहराचं नाव मला अजून नीट घेता येत नाही. आम्ही उतरलो तिथे मागे नळ होता आणि नळाखाली छान रुंद दगड. जपान, कोरिया अशा मोठमोठ्या देशांचे संघ आले होते. त्यांच्याकडे पोशाखांच्या थप्प्या. आमच्या पोरांना एकेकच पांढरा पोशाख. रोज संध्याकाळी गजा तो धुवायचा, आणि त्याचं धुणं बघून इतरांनीही आपापले कपडे त्याच्या पुढ्यात टाकले. एका परदेशी खेळाडूने मला उचलून हवेत फिरवलं आणि तो पोट धरून हसला. बॅटीला कुणी असं हसत नाही.

सकाळी सगळे मैदानाकडे गेले की मी नळापाशी पडून असायचो. कुठल्या बॅटी त्याच्या हातात असतील, या विचाराने जळायचो. खेळ काय झाला ते मला संध्याकाळी कपड्यांवरून कळायचं. दुसऱ्या पोरांच्या विजारींवर लाल माती असायची. गादी गाठायला ते मातीत घसरत जात. गजाची विजार मात्र पांढरीशुभ्र. म्हणजे तो पळालाच नाही. म्हणजे त्याचा फटकाच लागला नाही. परक्या बॅटी त्याच्या हाताला बसत नव्हत्या. रोज हार, आणि रोज ती कोरी विजार. आधी मी खूश होतो. मग मलाच ती विजार बघवेना.

शेवटच्या सामन्याच्या आदल्या संध्याकाळी गजाने सगळा राग माझ्यावर काढला. 'हुं' करून असा फटका दिला की भिंतीवरचे पक्षी उडाले. पुण्याकडचा एक भिडू दात घासत उभा होता. तो म्हणाला, "अरे, मैदानावर येताना हे हात कुठे ठेवून येतोस? तिथे नुसता अवघडून उभा असतोस." गजा थांबला. माझ्याकडे बघितलं. मग कपडा नसलेल्या दगडापुढे उभा राहून त्याने मला पुन्हा पुन्हा फिरवलं, अगदी अंधार पडेपर्यंत.

दुसऱ्या दिवशी गजाची विजार कमरेपासून घोट्यापर्यंत लाल होती. संघ हरलाच, पण गजा पळाला होता, घसरला होता, आणि सगळ्या गाद्या फिरून निघाल्या जागी परत पोचला होता. भिडूंनी पिवळ्या दिव्याखाली गाणी म्हटली. गजाने ती विजार धुतली नाही. "आयेला दावायची," म्हणाला.

खालापूरला एसटीतून उतरल्यावर माणसांचा गराडा पडला. गजा दारात उभा राहून सगळ्यांना सांगत होता, आणि आई आपल्या सवयीने पिशवी रिकामी करत होती. इतकी मळलेली विजार बघून तिने तोंडाला पदर लावला. लोकांसमोर पोराची अब्रू जायला नको, म्हणून ती विजार आणि मला घेऊन मागच्या दाराने नदीवर गेली.

मित्रांनो, मळ दिसला की माझे हात शिवशिवतात, म्हणजे हात असते तर शिवशिवले असते. पण त्या दिवशी पहिल्यांदा मला वाटलं, हा फटका पडू नये. मला ओरडता आलं नाही. वाकड्या मनगटाने तिने मारलं, पुन्हा मारलं. लाल पाणी माझ्या अंगावरून वाहत पाताळगंगेत गेलं.

"आये, थांब गं!" गजा धापा टाकत आला. पण विजार पांढरी झाली होती.

"काय झालं रं? मळ व्हता नुसता."

गजाने तिला सगळं सांगितलं. ती माती कुठली, ती कशी लागली. अंबूबाई हातातली ओली विजार बघत राहिली. "मी येक शानी," ती म्हणाली, "आधी तुजी बॅट बुडवली, आता ह्ये." आणि ती रडायला लागली.

गजा तिच्याजवळ दगडावर बसला. त्याने मला तिच्या हातातून घेतलं आणि उलटंपालटं करून पाहिलं. "आये, रडू नको. ह्ये बघ." माझ्या जुन्या रेघांमध्ये, बडवून बडवून खरबरीत झालेल्या पोटात, ती लाल माती बसली होती. आमच्या मातीहून गडद.

पुढच्या खंडेनवमीला अंबूबाईने सगळी हत्यारं घासून धुतली. मला मात्र पाणी लावलं नाही. तसंच पाटावर ठेवलं आणि शेजारी ती चिरलेली बॅटही मांडली. आता मी भिंतीवर खिळ्याला असतो आणि धुण्याला नवं धोपाटणं आहे. मित्रांनो, तुमच्या घरात दारामागे पडलेलं असं काही असेल, तर ते कधी तरी हातात घेऊन नीट बघा. आणि घासण्याआधी जरा विचारा, हा डाग कशाचा.

त्या नवमीला फूल बॅटीचंच मोठं होतं. मी बघितलं. पण माती माझ्याकडे आहे.