चौघांच्या जागी मी

मित्रांनो, मी एक जुना ऑर्गन आहे, आणि माझ्या नावावर एक चूक आहे. संग्रहालयात दोरीपलीकडून तुम्ही मला बघता, हळू आवाजात बोलता, लाकूड किती सुरेख आहे म्हणता. ते ऐकलं की मला आतून लाजल्यासारखं होतं. म्हणून आज सांगूनच टाकतो.

माझा जन्म शिकागोच्या कारखान्यातला. अंग अक्रोडाच्या लाकडाचं, पोटात नव्वदेक पोलादी चकत्या. वीज आली की त्या गरगर फिरतात आणि त्या फिरण्यातून माझा सूर निघतो. काही वर्षं एका चर्चमध्ये काढली. मग अलाबामातल्या कॅल्डर्स फेरी नावाच्या नदीकाठच्या गावी आलो. तिथे डनवेसाहेबांनी एका बंद पडलेल्या सिनेमागृहात गाणी ध्वनिमुद्रित करायची खोली थाटली होती. जमीन उतरती होती, म्हणून माझ्या पुढच्या पायांखाली लाकडाचे ठोकळे सरकवले. त्या उतारावरच माझं तारुण्य गेलं.

माझ्यासमोर बसायचा लूशस पेटवे. काळा, उंच, कमी बोलणारा. गिटारवर कोय हारगेट, गोरा, ज्याच्या तोंडाचा पट्टा कधी थांबत नसे. ड्रमवर काळा आयझॅक, बेसवर गोरा वेंडेल. त्या दिवसांत गावात पाणी प्यायचे नळसुद्धा काळ्यांना नि गोऱ्यांना वेगळे होते. आमच्या खोलीत कॉफीचं भांडं एकच होतं. चौघं त्यातलीच कॉफी पीत आणि चौघं मिळून तिला नावं ठेवत.

त्यांचे सूर कागदावर नसत. एकमेकांच्या तोंडाकडे बघून वाजवायचं, अशी रीत. लूशसच्या भुवया वर गेल्या की गाणं वळायचं, आयझॅकनं ओठ मिटले की थांबायचं. कोय घाईचा. तो पुढे पळायला लागला की लूशस म्हणे, "कोय, तुला गाडी पकडायचीय का? गाणं काही पळून जात नाही."

"तुझ्यासाठी थांबलो तर दाढी पांढरी होईल माझी," कोय म्हणे. मग वेंडेल म्हणे, आधी तुला दाढी तर येऊ दे.

दौऱ्यावर निघाले की मी मागच्या ट्रेलरमध्ये. रस्त्यावरच्या खाणावळीत काळ्यांना आत घेत नसत, म्हणून कोय नि वेंडेल पुढच्या दारानं जात, तळलेला मासा आणि मक्याची पोळी कागदी पिशवीत घेऊन येत, आणि चौघं गाडीत बसून खात. आपण सगळं सारखं वाटून घेतो, याचं कोयला समाधान असे. एकदा लूशस म्हणाला, की मासा चांगलाच आहे, पण कधीतरी आपला आपण निवडावा असं वाटतं. सगळे हसले. मलाही तो विनोदच वाटला.

मग त्यांचं एक गाणं रेडिओवर गाजलं. त्यात शब्द नव्हते, नुसतं वाजवणं. ऐकणाऱ्या गोऱ्यांना वाटे वाजवणारे गोरे असतील, काळ्यांना वाटे काळे. डनवेसाहेबांनी मोठी तबकडी काढायचं ठरवलं आणि तिच्या कव्हरासाठी एका मंगळवारी सकाळी फोटोवाला बोलावला.

लूशस करडा सूट घालून आला. त्याचा शर्ट त्याच्या आईनं, तिकडच्या रीतीनं सगळे जिला मिस अर्लेथा म्हणत तिनं, दोनदा इस्त्री केला होता. त्या बाईनं जन्मभर दुसऱ्यांचे कपडे धुतले. आपल्या माणसाचा फोटो दुकानाच्या काचेत लागलेला तिनं कधी पाहिला नव्हता. बाहेरच्या खोलीतल्या भिंतीवर तिनं जागा मोकळी करून ठेवली होती आणि शेजारणींना आधीच सांगून टाकलं होतं.

डनवेसाहेबांनी कोयला माझ्याजवळ, एका बाजूला घेतलं. म्हणाले, चौघांचा एकत्र फोटो इथली दुकानं लावायची नाहीत. तू आणि वेंडेल तेवढे पुढे उभे राहा.

कोय तापला. "चौघं नाहीत तर कोणीच नाही," तो म्हणाला. "ऑर्गनचाच काढा फोटो."

एका दमात बोलून गेला. लूशस खिडकीपाशी टाय नीट करत होता, पंधरा पावलांवर. त्याला कोणी विचारलं नाही.

आणि मी? मित्रांनो, मला आनंद झाला. त्यांनी मला तेल लावून चकचकीत पुसलं, माझ्यावर दिवे सोडले, आणि मी नवरदेवासारखा मिरवलो. पंधरा पावलांवरचा तो करडा सूट मला दिसत होता. तरी मिरवलो.

कोयनं लूशसला मोठ्या उमाळ्यानं हकिगत सांगितली. लूशसनं ऐकता ऐकता टाय सैल केला.

"तू तुझा चेहरा दिलास, तो तुझा होता," तो म्हणाला. "माझा कसा दिलास?"

कोय गिटार उचलून तारा लावत बसला.

तबकडी खपली. दुकानांच्या काचांत मी झळकलो. मिस अर्लेथांनी ते कव्हर तरीही त्या मोकळ्या जागी लावलं. पाहुणे विचारत, यात लूशस कुठाय? ती म्हणे, "तो या बाज्याच्या मागं बसलाय. बाजा जरा मोठा आहे." लूशसनं हे खोलीत हसून सांगितलं. त्या दिवशी कोणी हसलं नाही.

त्यानंतर वाजवताना तो माझ्या पट्ट्यांकडेच बघू लागला. बाकीचे त्याच्या तोंडाकडे बघत राहत, पण भुवया हलत नसत. गाणी चुकली नाहीत. नुसती थंड पडली. दोन वर्षांनी तो डेट्रॉइटला गेला, मोटारींच्या कारखान्यात लागला. मिस अर्लेथा त्याच हिवाळ्यात वारल्या. खोलीला कुलूप लागलं. माझ्यावर ताडपत्री पडली, चकत्यांना तेल मिळेना, उंदरांनी तारा कुरतडल्या. पोटातला गंज वाढताना कळत होता, आणि मनात येई, हे ठीकच आहे.

किती वर्षं गेली, मोजली नाहीत. मग गावानं त्याच सिनेमागृहात हे संग्रहालय केलं. मला दुरुस्त केलं. ते कव्हर भिंतीएवढं मोठं करून लावलं. आयझॅक आणि वेंडेल तोवर राहिले नव्हते. कोय म्हातारा झाला होता. अधूनमधून यायचा, दोरीजवळ उभा राहायचा, हात कधी लावायचा नाही.

उद्घाटनाला डेट्रॉइटहून लूशसला बोलावलं. ऐंशीचा झाला होता, हातात काठी. संग्रहालयाच्या बाईंनी मोठ्या हौसेनं फोटोची मांडणी सांगितली, की पेटवेसाहेब ऑर्गनवर बसतील आणि हारगेटसाहेब मागे उभे राहतील.

कोयनं हात वर केला. "थांबा. त्याला विचारलंत का?" मग लूशसकडे वळला. "तुला कसा हवाय?"

लूशसनं काठी माझ्याकडे रोखली.

"हा बाजा बाजूला करा," तो म्हणाला.

दोरी सोडली. तिघांनी मिळून मला ढकललं, भिंतीकडे तोंड करून कोपऱ्यात ठेवलं. त्यामुळे पुढचं मी फक्त ऐकलं.

"आईला हा फोटो दिसायचा नाही," लूशस म्हणाला. "तेव्हा लगेच हलकं वाटून घेऊ नकोस."

"नाही घेत," कोय म्हणाला.

"बरं. मग ये, उभा राहा इथं."

काठी जमिनीवर टेकल्याचा आवाज आला. मग कॅमेऱ्याचा.

आता तो फोटो माझ्या शेजारी आहे. मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू जपा. तेल घाला, धूळ पुसा, उंदरांपासून सांभाळा. पण आमचं कौतुक करायला थांबलात तर आमच्यासमोर बसून कोण वाजवत असे ते विचारा. त्याचं नाव आणि त्याचा चेहरा दाखवेपर्यंत तिथून हलू नका. मी त्या मंगळवारी गप्प उभा राहिलो. लाकडाला तोंड नसतं, अशी सबब माझ्याजवळ आहे. तुमच्याजवळ तीही नाही.