जावईबापूंची जागा

सकाळपासून तिचा पाय एका जागी ठरत नव्हता. खुर्चीत बसायची, उठायची, खिडकीपाशी जायची, परत यायची. टेबलावर तीन पानी फॉर्म पडला होता. चार वाजता त्यावर तिची सही झाली, की नव्या मोठ्या मोटारीच्या दारांचे आणि छपराचे पोलादी साचे कापायला घेणार. एकदा साचा कापला की खिडकीची कड बोटभर खाली घ्यायची म्हटलं तरी ब्रह्मदेवाच्या बापाला जमायचं नाही.

दोन पानं भरून झाली होती. तिसऱ्यावर एक साधा रकाना होता : मागच्या सीटवर बसून प्रवास केलेल्या व्यक्तीचं नाव. आणि लिहायला नावच नव्हतं.

हसू नका. गाडी होती मागे बसणाऱ्यासाठीच. तिच्यावर एकशे सत्तर माणसांनी चार वर्षं डोकं झिजवलं होतं. पण सगळी इंजिनिअर मंडळी, ज्याला त्याला चालवायची हौस. मागे वायरी, मोजणीच्या पेट्या आणि सत्तर किलोचा रबरी पुतळा. बसायचं ऐटीत आणि काम काडीचं नाही, म्हणून त्याला सगळे जावईबापू म्हणायचे. मागच्या सगळ्या भागाची रचना तिच्याकडे होती. ती त्या सीटवर हजारदा बसली होती, पण डिझाइन स्टुडिओत, उभ्या गाडीत.

"अहो, कुणाचंही नाव टाका," मुख्य अभियंता दारातूनच म्हणाले. "जावईबापूंचे आकडे बघा की! इतके कमी हादरे आपल्या एकाही गाडीत नव्हते."

"मग जावईबापूंचंच नाव टाकू?"

"कुणाला तरी बसवून एक फेरी मारून आणा. पण चारला सही हवी. साचेवाले मशीन लावून बसलेत." मग आवाज खाली आणून म्हणाले, "पुढच्या गाडीला माझ्या खुर्चीत तुम्ही असाल, हे वर ठरल्यातच जमा आहे. आता घोळ घालू नका."

तेवढ्यात गेटवरून फोन आला. धांदलीत ती चष्मा घरी विसरली होती आणि तो घेऊन तिचे वडील आले होते.

वडिलांनी पस्तीस वर्षं साहेबलोकांच्या गाड्या चालवल्या होत्या. कुठलीही गाडी दिसली की तिच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे. क्लच असा, ब्रेक तसा, बनवणाऱ्याला अक्कल नाही. त्यांच्यापेक्षा कडक परीक्षक कुठे मिळणार? तिने पास बनवला आणि जावईबापूंना वायरींसकट बाहेर काढलं.

"मागे? मी?" बाबा दारातच अडले. "पुढे बसतो की. मागे बसायची सवय नाही गं."

"बाबा, बसा हो. दहा मिनिटांचं काम आहे."

ते बसले, चोरून बसल्यासारखे. तिने गाडी चाचणीच्या रस्त्यावर काढली. वळणं, चढउतार, पुन्हा वळणं. गाडी लोण्यातून सुरी जावी तशी चालली होती. पण मागून चकार शब्द येईना. टीका नाही, टोमणा नाही.

"कशी वाटली?"

"उत्तम," बाबा उतरून म्हणाले. "झोपच लागत होती."

चेहरा पांढराफटक, कपाळावर घाम, हातात रुमालाचा बोळा. आणि म्हणे उत्तम! तिला ते खरं मानायचं होतं, अगदी मनापासून मानायचं होतं. बाबांचं नाव लिहायचं, सही ठोकायची, मोकळं व्हायचं. बरोबर आणलेला फॉर्म बॉनेटवर ठेवून तिने पेनाचं टोपण काढलंसुद्धा. पण हात पुढे सरकेना.

"बाबा, आता तुम्ही चालवा. मी मागे बसते."

बाहेरच्या माणसाच्या हाती किल्ली देणं नियमात बसत नव्हतं, तरी तिने दिली. स्टिअरिंगला हात लागताच बाबांच्या गालांवर रंग परतला.

मागे सुख होतं खरं. आवाज नाही, धक्का नाही. पण गाडी रुबाबदार दिसावी म्हणून खिडकीची कड तिनेच उंच घेतली होती, आणि उतरत्या छपराला डोकं लागू नये म्हणून सीट तिनेच खाली बसवली होती. त्यामुळे रस्ता दिसेचना. दिसत होती समोरच्या सीटची पाठ आणि वर आभाळाची पट्टी. आणि त्या मऊ स्प्रिंगांवर गाडी संथ, संथ डुलत होती. पेट्या पटापट बसणारे हादरे मोजायच्या, हा संथ झोका त्यांच्या हिशेबातच नव्हता. चौथ्या वळणाला तिला मळमळू लागलं. सातव्याला घशाशी आलं. ती बोलणार, तोच गाडी हळूहळू कडेला थांबली.

आरशात बाबांचे डोळे तिच्यावरच होते.

"उतर," ते म्हणाले. "लांब श्वास घे."

ती गवतात वाकून उभी राहिली. पोट रिकामं झालं तसा राग आला.

"तुम्हालाही असंच झालं ना? मग सांगितलं का नाहीत?"

"चार वर्षं तू या गाडीपायी घरी धड जेवली नाहीस. मी दहा मिनिटं कळ काढली, त्यात काय एवढं?"

तिला रडू फुटलं. एवढी मोठी बाई, एकशे सत्तर माणसांत वट असलेली, रस्त्याच्या कडेला लहान पोरीसारखी रडली. मग तोंड पुसून तिने मुख्य अभियंत्यांना फोन लावला.

"साचे थांबवा. मागे बसलं की मळमळतं."

"कुणाला?"

"मला. बाबांना. उद्या विकत घेणाऱ्यालाही."

"आकडा द्या."

"आकडा नाही. तुम्हीच येऊन बसा. खिडकी आणि सीट पुन्हा करावी लागेल."

"सहा महिने जातील. हा उशीर कुणाच्या नावावर टाकू?"

"माझ्या."

तिने फोन ठेवला. बाबांनी सगळं ऐकलं होतं.

"नोकरी जाईल का गं?"

"नोकरी नाही जायची. पुढची गाडी जाईल."

बाबांनी मान हलवली. सवयीने त्यांचा हात मागच्या दाराकडे गेला, मग थांबला, आणि त्यांनी तिच्यासाठी पुढचं दार उघडलं.

"चल, इथे बस माझ्याशेजारी," ते म्हणाले. "पुढे बरं वाटेल तुला."