आमच्याबरोबरचे एक गृहस्थ

भाड्याच्या घराची भिंत ओली झाली, की संसारातल्या सगळ्या कुरबुरी त्या भिंतीतूनच पाझरायला लागतात. चष्मेवाल्याच्या घरात तेच चाललं होतं. घरमालक आज बघतो, उद्या बघतो म्हणून टोलवत होता, छोटीचा खोकला काही केल्या हटत नव्हता, आणि चार माणसं एकमेकांच्या पायात येत होती. चार म्हणजे चष्म्यांचं दुकान चालवणारा हा गडी, शाळेत शिकवणारी त्याची बायको, दुसरीतली छोटी आणि दादा.

दादा म्हणजे त्याचा सख्खा मोठा भाऊ. केस पिकले, पण समज छोटीएवढीच राहिली. स्वतःचं सगळं स्वतः करायचा, वाळलेल्या कपड्यांच्या सुरेख घड्या घालायचा. फक्त आवाज मोठा! आनंद झाला की टाळ्या पिटायचा, आणि त्याला आनंद व्हायला कारण लागायचं नाही.

शहराच्या टोकाला एकाच बिल्डरने एक अख्खी वसाहत उठवली होती. रांगेत बैठी घरं, सगळ्यांची दारं सारखी, पडदे सारखे, दारातल्या कुंड्यासुद्धा सारख्या. एका सुट्टीच्या दिवशी दादाला शेजाऱ्यांकडे सोडून तिघं तिथलं नमुना घर बघायला गेले. भिंती कोरड्या ठणठणीत, खिडकीतून भरपूर ऊन. बायकोच्या चेहऱ्यावर कितीतरी महिन्यांनी हसू आलं.

"घरी कोण कोण असतं?" घर दाखवणाऱ्या बाईंनी गोड आवाजात विचारलं.

"आम्ही तिघंच," चष्मेवाला म्हणाला.

"आणि काका?" छोटी म्हणाली.

"काका येतो कधीमधी," तो हसत म्हणाला. नळ सोडून बघायला पुढे झालेला बायकोचा हात तसाच राहिला.

"छान! छोटं, सुटसुटीत कुटुंब. इथे सगळी अशीच माणसं आहेत. रहिवाशांच्या समितीबरोबर एकदा चहा घ्या, म्हणजे झालं," बाई म्हणाल्या.

घरी आल्यावर स्वयंपाकघरात बायकोने तोंड उघडलं. "कधीमधी येतो? तो जातो कधी, ते तरी सांग!"

"हळू बोल, बाहेर ऐकू जातंय. तिथे माणसं पारखून घेतात. सगळी वसाहत एका साच्यातून काढलीय. दादा त्या साच्यात बसतो का? तूच सांग."

"नाही बसत. मग दुसरं घर बघ. माणूस कसला वगळतोस?"

"आणि छोटीच्या छातीचं काय? अजून एक पावसाळा या भिंतीशी काढायचा?"

यावर तिचा जोर ओसरला. पोरीचा खोकला तिनेही रात्र रात्र ऐकला होता. तेवढी फट मिळताच तो म्हणाला, "एक चांगली संस्था आहे. त्याच्यासारखीच माणसं असतात तिथे. आपण भेटायला जात जाऊ."

"त्याला विचारलंस?"

"त्याला काय कळतंय!"

ती बाहेर निघून गेली. बाहेर दादा कपड्यांच्या घड्या घालत होता. त्यानंतर घरात कामापुरतंच बोलणं उरलं.

समितीच्या चहाचा दिवस आला, तेव्हा बायको परीक्षेच्या कामात होती, छोटी शाळेत, आणि नेमके शेजारी बाहेर गेलेले. दादाला एकटं ठेवता येईना. चष्मेवाल्याने त्याला गाडीत घातलं, वसाहतीत एका वळणामागे, समितीच्या नजरेआड गाडी उभी केली, खिडक्या उघड्या ठेवल्या आणि म्हणाला, "इथेच बस. मी आलोच."

"लवकर ये हं," दादा म्हणाला.

चहा लांबला. समितीचे अध्यक्ष इस्त्रीच्या कपड्यांतले, मोजून बोलणारे. "आमच्याकडे भानगड नाही. मागे एका घरातले आजोबा दुपारी अंगणात बसून मोठमोठ्याने गायचे. समजावून सांगितलं, ऐकेनात. शेवटी मुलाने घरच विकलं."

"बरोबरच आहे," चष्मेवाला म्हणाला. दिवसभर लोकांची नजर तपासणारा हा माणूस! आपण काय बोललो, हे त्याला स्वतःला तेवढं दिसलं नाही.

निरोप घेऊन तो वळणावर आला. गाडीचं दार सताड उघडं. दादा नाही!

डावीकडे सारखी घरं, उजवीकडेही सारखीच घरं. रस्त्यावर चिटपाखरू नाही. त्याने पहिल्या दाराची बेल वाजवली. दार उघडलं नाही, दाराशेजारच्या बोलायच्या डबीतून आवाज आला, "कोण?"

"एक गृहस्थ दिसले का हो इकडे? आमच्याबरोबरचे आहेत."

"नाही."

दुसरं दार, तिसरं दार. प्रत्येक ठिकाणी तेच, आमच्याबरोबरचे एक गृहस्थ. भाऊ म्हणायला जीभ रेटत नव्हती. मघाशी तिघंच म्हणून चहा पिऊन आलेला माणूस चौथा कुठून काढणार? जन्मात ज्याला 'अरे दादा'शिवाय हाक मारली नाही, तो एका दुपारीत गृहस्थ होऊन बसला. एका दारामागून एका म्हाताऱ्या बाईंचा आवाज आला, "कसे दिसतात? ड्रायव्हर आहेत का?" तर हा "तसंच काहीतरी" म्हणून पुढे पळाला.

दोन गल्ल्या फिरल्यावर आपण आलो कुठून हेही त्याला उमगेना. रस्ता जिथे संपत होता, तिथे बिल्डरने पुढच्या घरांसाठी खोल खड्डे खणून ठेवले होते. त्यांत पाणी साठलेलं. पत्र्याच्या कुंपणाला माणूस जाईल एवढी फट, आणि फटीपलीकडे चिखलात एक चप्पल.

दादाची का? दादाच्या पायात आज काय होतं? त्याला आठवेना! निघताना आपल्याच हाताने गाडीत बसवलेल्या भावाच्या पायांकडे त्याने बघितलंच नव्हतं. पाण्यावर काही हलत नव्हतं. आणि मग त्या शांत, सभ्य, सारख्या घरांच्या गल्लीत तो गळा फाटेस्तोवर ओरडला.

"दादाऽऽ! अरे दादाऽऽ!"

खिडक्या उघडल्या. अध्यक्ष लगबगीने आले. "अहो, हळू! हे काय चाललंय? कोण दादा?"

"माझा भाऊ! माझा सख्खा मोठा भाऊ! आमच्याच घरात राहतो, कायमचा राहतो. मी खोटं बोललो हो! तो सापडत नाहीये!"

तेवढ्यात मागच्या गल्लीच्या कोपऱ्यावरचं एक दार उघडलं. पांढऱ्या केसांच्या एक बाई हात हलवत होत्या. शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या या बाईंना सगळी वसाहत मोठ्या बाई म्हणत असे. "ते माझ्याकडे आहेत! सुखरूप आहेत! या आत."

चष्मेवाला धावत दाराशी पोचला. बाईंनी त्याला उंबऱ्यातच थांबवलं.

"मघाशी बेल तुम्हीच वाजवलीत ना? अहो, तेव्हाही ते इथेच बसले होते. पण तुम्ही म्हणालात गृहस्थ. ड्रायव्हर का म्हटलं तर हो म्हणालात. आणि हे तर आल्यापासून सांगताहेत, माझा धाकटा भाऊ हरवलाय, आलोच म्हणाला आणि आला नाही, शोधून द्या. भावाला शोधणारा कुणी येईल, म्हणून मी दाराकडे कान लावून बसले होते. तुम्ही भाऊ म्हणालातच नाही!"

उंबऱ्यापाशी दादाच्या दोन्ही चपला नीट जोडून ठेवलेल्या दिसल्या, त्या ओलांडून तो आत गेला. आत पडदे ओढलेले होते. अंधाऱ्या खोलीत खुर्चीवर एक वृद्ध बसले होते आणि त्यांचा हात हातात घेऊन शेजारी दादा. धाकट्याला बघताच दादाने टाळ्या पिटल्या.

"सापडलास! कुठे गेला होतास? घाबरलास का रे?"

"हो दादा. फार घाबरलो," चष्मेवाला म्हणाला, आणि भर खोलीत रडायला लागला.

मोठ्या बाईंनी त्याला पाणी दिलं. "हे माझे यजमान," त्या म्हणाल्या. "यांना आता काही आठवत नाही. मलाही कधी ओळखतात, कधी नाही. समितीला मी सांगितलंय, ते लेकीकडे असतात. म्हणून दिवसा पडदे. या रांगेत किती पडदे ओढलेले आहेत, बघा जाताना. घरं एका बिल्डरने बांधली, ठीक आहे. पण माणसंही त्यानेच बांधल्यासारखी दिसायला हवीत, हा हट्ट कुणाचा? आपलाच ना!"

"मला पोरीसाठी कोरडं घर हवं होतं हो, बाई."

"हवंच की! त्यात काही गैर नाही. पण एकाला कोरडं ठेवायला दुसऱ्याला उघड्यावर काढायचं? उद्या पोरगी आजारीच राहिली, तर तिलाही आमच्याबरोबरची एक मुलगी म्हणाल?"

चष्मेवाल्याने मान खाली घातली. दारात अध्यक्ष घुटमळत होते. "हा मुद्दा समितीपुढे ठेवावा लागेल," ते म्हणाले.

"ठेवा," चष्मेवाला डोळे पुसत म्हणाला. "मीच येऊन सांगेन. आणि त्या गाणाऱ्या आजोबांचं घर विकायला लागलं, त्याला मी मघाशी बरोबरच आहे म्हणालो ना, ते माझं चुकलं."

"माझाही मुद्दा ठेवा मग," मोठ्या बाई म्हणाल्या. त्यांनी पडदा सर्रकन बाजूला केला. गल्लीत जमलेल्या सगळ्यांना खुर्चीतले वृद्ध दिसले. समोरच्या घरातल्या एक बाई तिथूनच नमस्कार करून गेल्या.

समितीने काही दिवसांनी गुळमुळीत नकार कळवला. घर गेलं, आणि त्याचं वाईट वाटलं नाही असं कसं म्हणावं? पण दादा सापडला त्या दिवशीच चष्मेवाल्याने छोटीचं अंथरूण कोरड्या खोलीत हलवलं आणि स्वतःचं ओल्या भिंतीशी घातलं. बायकोला सगळं जसंच्या तसं सांगितलं. ती इतकंच म्हणाली, "आता तरी त्याला विचार."

तो दादाजवळ जाऊन बसला. "दादा, आपण नवं घर बघतोय. तुला कसं घर हवं?"

दादाने हातातली घडी बाजूला ठेवली. "तू हरवणार नाहीस असं," तो म्हणाला.

वाचकहो, उद्या आपणही घर बघायला जाऊ. भिंती ठोकून बघू, नळ सोडून बघू, ऊन कुठून येतं ते विचारू. जरूर विचारावं! पण ज्या दारातून आत जाताना आपल्याच माणसाचं नातं गिळावं लागतं, ते घर घेऊ नये. आणि आपण आधीच आत राहत असू, तर बाहेरच्याला असं खोटं बोलायची वेळ आणू नये. नवा शेजारी आला की घरात कोण कोण असतं हे आपणही विचारतोच. उत्तर काहीही आलं, तरी त्या सगळ्यांना चहाला बोलवावं.